नानांचा डेकप्लॅन

नानांना समुद्र आवडतो की नाही, हे आजवर कोणालाच नीट कळलेलं नाही. डेकप्लॅन मात्र त्यांना मनापासून आवडतो. जहाजाच्या एकेका मजल्याचा तो लांबुळका नकाशा ते ए-थ्री कागदावर रंगीत छापून आणतात, जेवणाच्या टेबलावर पसरतात आणि स्केचपेनं घेऊन बसतात. लाल म्हणजे गोंगाट, निळा म्हणजे हेलकावे, काळा म्हणजे लाइफबोट आडवी. रंगवून झाल्यावर दोन-अडीच हजार माणसांच्या जहाजात जेमतेम पाच-सहा केबिन कोऱ्या उरतात. त्या माणसाने राहण्याजोग्या.

हा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. एसटीत चाकावरची सीट मिळाली तर पुढच्या गाडीने येतो म्हणणारा तो हाच. जुन्या बांधणीच्या स्लीपरच्या डब्यात 1 ते 8 आणि 65 ते 72 हे बर्थ संडासाजवळ येतात, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ असतं. नाटकाला जाताना तो नाटक कोणतं हे नंतर विचारतो, आधी खांब कुठे येतो ते विचारतो. पण एसटी, रेल्वे आणि नाट्यगृह मिळून त्याच्या प्रतिभेला वाव तो किती? मग मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझ सुटू लागल्या, टूरवाल्यांनी सिंगापूरच्या सहलीला दोन रात्रींचं जहाज जोडलं, आणि नानांना त्यांचं खरं कार्यक्षेत्र सापडलं.

त्यांचं शास्त्र पक्कं आहे, हे आधीच मान्य करतो. लाटेवर जहाजाचं नाक वर-खाली होतं तेव्हा मधला भाग जवळपास जागच्या जागी असतो, चढउतार होतो तो दोन्ही टोकांना. आणि जहाज आडवं कलतं तेव्हा जितकं वर राहाल तितका झोका मोठा. म्हणून ज्याला बोट लागते त्याने मधली आणि खालची केबिन घ्यावी. "बुडाशी स्टॅबिलायझरचे पंख असतात ना?" असं मी एकदा माहितगारासारखं विचारलं. नानांनी चष्मा काढला. "ते आडव्या कलण्यासाठी. नाक वर-खाली व्हायला लागलं की पंख काय करणार? तुमच्यासाठी थांबणार?"

इथवर विज्ञान. यापुढे शेजारशास्त्र सुरू होतं, आणि नाना खरे खुलतात ते इथे. केबिनच्या वर आणि खाली फक्त केबिनच हव्यात, हा मूलमंत्र. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येणार. वर स्वयंपाकघर असेल तर रात्रभर ट्रॉल्या. खाली डिस्को असेल तर गाणं ऐकू येणार नाही, नुसता ठोका येईल, आणि तो गाण्यापेक्षा वाईट. लिफ्टसमोर नको, कारण लोक लिफ्टची वाट बघताना बोलतात. मधलं दार असलेली जोडकेबिन नको, कारण पलीकडच्या कुटुंबाचे मतभेद आपल्याला पाठ होतात. पुढे अगदी खाली नको; बंदराबाहेर जहाज उभं करायचं असेल तर सकाळी सकाळी नांगराचा साखळदंड खडखडत सुटतो. मागे अगदी खाली नको, पंख्याची थरथर पाण्याच्या ग्लासात दिसते. हे सगळं ते एका दमात सांगतात आणि शेवटी विचारतात, "आता सांगा, कुठली घेणार?" समोरचा एव्हाना महाबळेश्वरला जायच्या निर्णयाला आलेला असतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांचा मुलगा लग्नानंतर सल्ला घ्यायला आला तेव्हाची गोष्ट. त्याला सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची, बाल्कनीची केबिन हवी होती.

"बोट लागते का तुला?"

"नाही, नाना."

"आणि सूनबाईंना?"

"विचारलं नाही."

"अरे, पत्रिका बघितलीत, आणि हे नाही विचारलं?"

त्याला त्यांनी मधल्या मजल्यावर, मधोमध, वरच्या गॅलरीची सावली पडणार नाही अशी केबिन काढून दिली. परत आल्यावर तो म्हणाला, छान होती. नानांना हा शेरा फार तोकडा वाटला. काय छान होतं? किती डेसिबल? मुलगा लाजला, तो वेगळ्याच कारणाने.

बाजू निवडायची म्हणजे तर परमार्थच. मुंबईहून गोव्याला निघालं की जहाजाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे डाव्या अंगाला कोकण आणि उजव्या अंगाला सूर्यास्त. परतताना सगळं उलटं. नानांना दोन्हीकडे दोन्ही हवं होतं. त्यांनी वेळापत्रक, सूर्यास्ताची वेळ आणि होकायंत्र यांची सांगड घालण्यात एक आठवडा घालवला. मग त्यांच्या पत्नी माईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "बोट सुटते संध्याकाळी आणि गोव्याला पोचते सकाळी. मधे कोकण दिसणार कसं? रात्र नाही का?" नाना बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवे दिसतील." (माईंची पर्स म्हणजे आवळासुपारी आणि आलेपाकाचं कोठार. त्या कुठल्याही केबिनमध्ये, कुठल्याही कुशीवर, पाच मिनिटांत झोपतात. शास्त्राचा एवढा अपमान नानांच्या घरात दुसऱ्या कोणी केलेला नाही.)

एका गृहस्थांनी फोनवर विचारलं की डोकं दक्षिणेला येईल अशी केबिन आहे का. नाना वास्तुशास्त्राच्या विरोधात नाहीत, पण त्यांनी शांतपणे सांगितलं, "अहो, जहाज वळतं." आकड्यांबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत. पाश्चात्त्य जहाजांवर 13 नंबरचा मजला पुष्कळदा वगळलेला असतो, इटालियन लोक 17ला बिचकतात, तेव्हा अमावास्येला प्रवास टाळणाऱ्या आपल्या माणसांना कोण हसणार?

नव्या जहाजांनी त्यांचं मन कधी कधी दुखावतं. 2009 साली 'ओअॅसिस ऑफ द सीज' आलं, त्यात काही बाल्कन्या समुद्राकडे नाहीतच. जहाजाच्या पोटात खरी झाडं लावून बाग केली आहे, तिच्याकडे तोंड करून आहेत. "बागेसमोरची गॅलरी म्हणून पुण्यातला बिल्डर जादा पैसे घेतो ते समजू शकतो," नाना म्हणाले, "पण भर समुद्रात?" 2011च्या 'डिस्ने ड्रीम'वर आतल्या बिनखिडकीच्या केबिनला गोल पडदा लावून त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र दाखवायला सुरुवात झाली. यावर त्यांनी मत दिलं नाही. पण पडदा रात्री बंद करता येतो का, हे चौकशी करून ठेवलं. मिट्ट अंधाराची आतली केबिन झोपेला उत्तम आणि खिशाला त्याहून उत्तम, असं त्यांचं खाजगीतलं मत आहे. चारचौघांत ते बोलत नाहीत, गिऱ्हाईक तुटतं.

नानांच्या आयुष्यातलं खरं शल्य म्हणजे त्यांचे साडू. साडू 'गॅरंटी' केबिन घेतात. म्हणजे पैसे ठरावीक वर्गाचे भरायचे आणि नंबर कंपनी देईल तो. नानांच्या दृष्टीने हे डोळे मिटून मुलगी बघण्यासारखं आहे. त्यात साडूंना एकदा आतल्या केबिनच्या पैशांत बाल्कनी मिळाली. तेव्हापासून प्रत्येक मुंजीत, बारशात साडू विचारतात, "काय नाना, नकाशा काय म्हणतो?" नाना पंगतीत दुसरीकडे बसतात. तिथेही वाढप्यांच्या वाटेवरची जागा टाळून.

आणि एवढं सगळं करून नाना जहाजावर गेले की काय करतात? पहिल्या रात्री अंथरुणावर पडून कान टवकारतात. खुर्ची ओढल्याचा आवाज नाही, ट्रॉली नाही, ठोका नाही, थरथर नाही. निवड शंभर टक्के बरोबर. मग त्यांना करमत नाही. उठून ते कॉरिडॉरमध्ये फिरतात आणि लाल रंगवलेल्या केबिनसमोर थांबून आवाज येतो का ते तपासतात. एकदा तर मध्यरात्री डिस्कोच्या वरच्या मजल्यावर जमिनीला कान लावलेले सापडले. सुरक्षारक्षकाने नम्रपणे केबिन नंबर विचारला, तेव्हा नंबरासोबत ती का निवडली हेही त्यांनी त्याला सांगितलं. तो बिचारा ड्यूटी संपेपर्यंत ऐकत होता.

नानांचा सल्ला फुकट असतो आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. क्रूझ बुक करायची असेल तर त्यांना जरूर फोन करा. जेवण उरकून करा, फोन चार्जिंगला लावून करा, आणि "आम्हाला कुठलीही चालेल" असं तेवढं म्हणू नका.