गाववाले उपाशी, परके तुपाशी

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायचा नाही, असा दंडक आहे. लोक घरीच बसले तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील, ही बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांची 1960च्या दशकातली धास्ती. आज प्रीमियर लीगचं तिकीट मिळता मिळत नाही; धास्ती मात्र ठणठणीत! त्यामुळे तिथला दुपारी तीनचा सामना पुण्यातला पोरगा रात्री जेवता जेवता रीतसर बघतो. आणि स्टेडियमला खेटून राहणारे आजोबा स्काय, टीएनटी या दोन्ही वाहिन्यांची वर्गणी भरूनही चोरट्या लिंकवर जुगाराच्या जाहिराती बंद करायची फुली शोधत बसतात. गोल झाल्याचं त्यांना खिडकीतून आधी कळतं, पडद्यावर नंतर. चोर म्हणायचं ते मात्र त्यांनाच.