समर्थकांची तुलना कशी करावी : नवशिक्यांसाठी पाच सोप्या पायऱ्या

समलिंगी विवाहाची बाजू घेणाऱ्या अमेरिकी लेखकांची तुलना करणे अगदी सोपे आहे. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, त्यामुळे निम्मे काम आधीच उरकलेले असते. बाकीच्या निम्म्यासाठी एक तक्ता आखा आणि पुढे चला.

१. पुस्तक उघडू नका. जोनाथन राउश यांच्या २००४ च्या पुस्तकाचे मुखपृष्ठच सांगते की, हा विवाह समलिंगींच्या भल्याचा, इतरांच्या भल्याचा आणि वर अमेरिकेच्याही भल्याचा. तीन मुद्दे फुकटात मिळाले! आत शिरलात तर पंचाईत होईल. राउश म्हणतात, विवाहाला खरा धोका लग्नाऐवजी काढलेल्या पर्यायी नोंदणीचा आहे. जबाबदारी कमी आणि फायदे तेवढेच, अशी सोय झाली की स्त्री-पुरुष जोडपीही तिकडेच वळतील.

२. प्रत्येकाला 'पुरोगामी' म्हणा. अँड्र्यू सलिव्हन यांच्यापाशी मात्र जरा अडेल. समलिंगी, कॅथलिक आणि उजव्या विचारांच्या या गृहस्थांनी १९८९ मध्ये 'द न्यू रिपब्लिक'मध्ये विवाहाची बाजू मांडली. काही शहरांनी तेव्हा 'घरगुती जोडीदार' अशी नोंद सुरू केली होती. सलिव्हन यांची शंका अशी : एखादी म्हातारी आणि तिच्या घरी राहणारी नर्स या व्याख्येत बसतात का? मग कॉलेजातल्या दोन जिवलग मित्रांचे काय? त्यापेक्षा सरळ लग्नच करू द्या, माणसे मार्गी लागतील. 'एकदा दोनाचे चार करा, पोरगा ताळ्यावर येईल' म्हणणारी आपली आत्या याहून वेगळे काय सांगते?

३. समर्थक हा विवाहसंस्थेचा भक्त असतोच, असे धरून चाला. टॉम स्टोडार्ड यांना तक्त्यातून वगळा. समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'लॅम्ब्डा लीगल'चे हे त्या काळचे प्रमुख. १९८९ मध्येच 'आउट/लुक' नियतकालिकात त्यांनी लिहून टाकले की, सध्याची विवाहसंस्था आपल्याला फारशी प्रिय नाही. हक्क मात्र हवा. का, ते मिनेसोटातल्या एका खटल्यावरून कळते. १९८३ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्या एका स्त्रीचे पालकत्व पुढे तिच्या वडिलांकडे गेले आणि तिच्या जोडीदारणीला साधे भेटायलाही बंदी झाली.

४. विरोधक समोरच्या छावणीतच शोधा. पॉला एटलब्रिक यांच्याकडे काणाडोळा करा. त्या तेव्हा स्टोडार्ड यांच्याच संस्थेत कायदा विभागाच्या प्रमुख, आणि त्यांचा लेख स्टोडार्ड यांच्या लेखाला जोडूनच छापलेला. लग्नाने मुक्ती कसली मिळते, जे लग्न करणार नाहीत ते आणखी बाजूला पडतील, असे त्यांचे म्हणणे. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

५. शेवटी गुण द्या. एव्हन वुल्फसन यांना पैकीच्या पैकी, कारण त्यांचे म्हणणे एका ओळीत मावते : समान नागरिक, समान हक्क. त्यांनी १९८३ मध्ये हार्वर्डच्या कायदा विद्यालयात या विषयावर प्रबंध लिहिला, तेव्हा जगातल्या एकाही देशात असा विवाह कायदेशीर नव्हता, ही किरकोळ बाब सोडून द्या.

तक्ता भरला? आता तो फाडा आणि प्रत्येक लेखाला एवढेच विचारा : हा कोणाची समजूत घालतो आहे? सलिव्हन आणि राउश सनातन्यांची घालतात, वुल्फसन न्यायाधीशांची, स्टोडार्ड आपल्याच सहकाऱ्यांची. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क देशभर मान्य केला, तोही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या मतांनी. एकाच युक्तिवादावर भागले असते, असे समजू नका. लेख मुळातून वाचा.