वसुलीचा दिवस

मे महिन्यातल्या रविवारी खोपोलीच्या इमॅजिकात जाणारा मराठी माणूस मौजेला जात नाही, वसुलीला जातो. तिकिटाला राइडच्या संख्येने भागून दर काढणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. गेट उघडताच ते अख्ख्या फौजेला समोर दिसेल त्या पहिल्या रांगेत उभं करतात. शहाणी मंडळी त्या वेळी तडक 'नायट्रो' रोलर कोस्टर गाठून मोकळी होतात. साडेअकरालाच जेवून घ्या, टळटळीत उन्हात एसीतल्या राइड करा, मधे जरा टेका, असं कुणी सुचवलंच तर काका म्हणणार, "टेकायला घर आहे की!" मग दीड वाजता, सगळं जग जेवायला लोटतं तेव्हाच, यांना भूक लागते. आणि ताटावरून उठून थेट चाळीस मीटर उंचावर! (पुढचं छोले-भटुऱ्यांना विचारा.) चारपर्यंत धाकटं कडेवर झोपलेलं, काकूंच्या चपलेचा अंगठा तुटलेला. आजोबा तेवढे सगळ्यांच्या पिशव्या राखत दिवसभर सावलीतल्या बाकावर. संध्याकाळी ताजेतवाने तेच एकटे. आणि काकांच्या हिशेबात नेमकं त्यांचंच तिकीट बुडीत खाती.