जिथे जिथे ओल

नोकरीत होतो तोवर मी नुसती हुज्जत घालायचो. निवृत्तीनंतर ती शास्त्रशुद्ध घालू लागलो. कारण अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’. सतराव्या शतकात त्याने हे चिमुकलं पुस्तक बाळगोपाळांना न्यायशास्त्र सहज कळावं म्हणून लिहिलं. मला ते साठी उलटल्यावर, टिपांसकट, निम्मं कळलं. निम्म्या ज्ञानाने माणसाला जो हुरूप येतो, तो पुऱ्या ज्ञानाने येत नसावा.

अशातच बेडरूमच्या भिंतीवर, छताला लागून, ओल आली. बरोब्बर वर वरच्या बिऱ्हाडाचं बाथरूम. बायको म्हणाली, “आपली माळ्यावरची टाकी भरून वाहत नाही ना, ते बघा आधी.” प्रमाणांत प्रत्यक्षाचा नंबर पहिला, हे मलाही ठाऊक होतं. पण माळ्यावर चढायला शिडी लागते, अनुमानाला लागत नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचं भांडण आटोपलं आणि मी उभा राहिलो. धुरावरून डोंगरावरची आग सिद्ध करतात, त्या धर्तीवर पाच वाक्यं कागदावर उतरवून नेली होती. प्रतिज्ञा : वरच्या बाथरूममध्ये गळती आहे. हेतू : कारण खाली ओल आहे. उदाहरण : जिथे जिथे ओल, तिथे तिथे वर गळती, जसं बी विंगमध्ये गेल्या पावसाळ्यात. उपनय : आमच्याकडेही तशीच ओल आहे. निगमन : म्हणून वर गळती आहे, सबब फरश्या उखडाव्यात आणि खर्च वरच्यांनी द्यावा. (‘सबब’च्या पुढचं अन्नंभट्टाचं नाही.)

वरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. जमाखर्च तपासावा तसा त्यांनी कागद तपासला. “पहिलं आणि पाचवं एकच आहे की हो!”

मला आनंदाचं भरतं आलं. हा आक्षेप जुनाच, मीमांसकांचं तीन वाक्यांतच भागतं, असं मी सविस्तर सांगितलं. काका म्हणाले, “मग दोन जास्तीची झाली, त्यांनाच ओल आली असेल,” आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेले. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या 22 जागा सांगितल्या आहेत. त्यांतली एक विक्षेप : काम आहे म्हणून वाद अर्धवट सोडून जाणं. काका हरल्याचं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. लोकांचं लक्ष वेफर्सकडे होतं.

प्लंबर आला, तो वर गेलाच नाही. आमच्या टाकीचा कॉक बंद करून म्हणाला, “चार दिवस बघा.” भिंत सुकली. त्याने कॉक उघडला. ओल परत आली. कारण असताना कार्य, नसताना नाही, याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “याला बॉलकॉक गेला म्हणतात.” रात्री पाणी आलं की टाकी भरून वाहायची आणि ते माळ्याच्या स्लॅबमधून भिंतीत उतरायचं.

धूर तिथे आग हे खरं; पण आग तिथे धूर, हे नैयायिक मान्य करत नाहीत. लोखंडाचा लालबुंद गोळा दाखवतात : आग आहे, धूर कुठाय? वर गळती असली की खाली ओल येते, हे आमच्या बिल्डरच्या कृपेने निरपवाद आहे. मी तेच उलटं टांगलं होतं. शास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. “माझा हेतू सव्यभिचारी निघाला,” असं मी फोनवर मित्राला सांगत होतो, ते स्वयंपाकघरात अर्धवट ऐकू गेलं. त्याचा खुलासा करण्यात एक संध्याकाळ गेली, आणि तिथे पाच वाक्यं पुरली नाहीत.

माझं अनुमान इतिवृत्तात शब्दशः यावं, असा आग्रह सभेत मीच धरला होता. सेक्रेटरी शब्दाचे पक्के. पाचही वाक्यं नोटीस बोर्डावर लागली आहेत, आणि खाली, टाचणीने, प्लंबरच्या माझ्या नावावरच्या बिलाची झेरॉक्स. ती कोणी लावली, याचं अनुमान मी अजून केलेलं नाही.