‘वी विल ट्राय’ म्हणजे नेमकं कधी?

हिंजवडीतल्या कुठल्याही कॉन्फरन्स रूमबाहेर पाच मिनिटं उभं राहा. ‘लेट्स सर्कल बॅक’, ‘लो हँगिंग फ्रूट’, ‘टेक इट ऑफलाइन’, ‘बँडविड्थच नाहीये’. ही वाक्यं तोंडात बसलेली नाहीत म्हणून लातूर-परभणीच्या मराठी शाळांतून आलेली हुशार पोरं मीटिंगमध्ये गप्प बसतात आणि मग पैसे भरून त्यांच्या याद्या पाठ करतात. मला याचा राग येतो. या याद्यांमधल्या निम्म्या वाक्यांचा उपयोग एकच आहे: वाईट बातमी पुढच्या आठवड्यावर ढकलणं.

त्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य ‘वी विल ट्राय’. आपल्याकडे ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हटलं की समोरचा समजून जातो, हे काही होत नाही. तो आपला सभ्य नकार आहे. अमेरिकेतला ग्राहक मात्र त्याला होकार समजतो आणि आपल्या साहेबाला तारीख कळवून मोकळा होतो. त्या तारखेला हातात काही पडलं नाही, की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि इकडे पाच जणांचा शनिवार-रविवार जातो. त्याऐवजी ‘नॉट बाय फ्रायडे. वेन्सडे, येस’ एवढं म्हणावं. शुक्रवारीच हवं असेल, तर कोणता भाग वगळावा लागेल तेही तिथंच सांगावं. एवढं इंग्रजी शाळेतच येतं. कमी पडते ती मुभा, कारण वरच्या साहेबांनी ग्राहकाला तारीख आधीच देऊन टाकलेली असते.

मग उशीर दिसायला लागला की ‘दोन रिसोर्सेस अ‍ॅड करू’. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/360 या अवाढव्य प्रकल्पाचं व्यवस्थापन केलं आणि 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलं, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवायचं काम जुन्यांवरच येतं, आणि जुन्यांचं काम तसंच पडून राहतं. इतक्या वर्षांनंतरही मॅनेजर ते वाक्य बोलतो, कारण ‘उशीर होणार’ म्हणण्यापेक्षा ते सोपं आहे.

‘ईओडी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’चंही तसंच. कोणाचा दिवस? न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन झालेले असतात. तीन अक्षरं टाइप करणारा झोपायला जातो, जागतो तो त्याच्या हाताखालचा. शुक्रवार, संध्याकाळचे सहा, भारतीय वेळ, असं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आपण बिनधास्त वापरतो त्या काही शब्दांचीही खबर घ्यायला हवी. ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे आपल्या लेखी ‘उत्तर पाठवा’. गिट वापरणाऱ्या अमेरिकन प्रोग्रामरच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणत आपण साधी शंका विचारतो, पण तिकडच्या माणसाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. ‘लेट्स टेबल इट’ची तर लंडन आणि न्यूयॉर्कमध्येच उलटापालट आहे. ब्रिटिश माणसाला विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन माणसाला तो बाजूला ठेवायचा असतो. पुण्याची टीम दोघांसाठी काम करत असेल, तर हा शब्द उच्चारूच नये.

इन्फोसिसची स्थापना 1981 साली पुण्यातच झाली. तेव्हापासून हे शहर परदेशी ग्राहकांचं सॉफ्टवेअर लिहितंय. एवढ्या अनुभवावर शिकवायचीच असतील तर पहिल्या दिवशी तीनच वाक्यं शिकवा. ‘धिस विल बी लेट.’ ‘आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज से इट अगेन.’ ‘हू विल डिसाइड धिस, अँड बाय व्हेन?’ आणि त्या वर्गात पहिल्या बाकावर डिलिव्हरी हेडना बसवा. पोरं ही वाक्यं तासाभरात शिकतील. साहेबांना मात्र ‘धिस विल बी लेट’ शांतपणे ऐकून घेण्याचा आणि त्याबद्दल अप्रेझलमध्ये गुण न कापण्याचा सराव बराच जास्त लागेल.