सॅलडवाले अण्णा

तुळजापुरात रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ज्या घरातून मिक्सर, खलबत्ता आणि यूट्यूब हे तिन्ही आवाज एकदम येतात, त्या घरात सॅलडवाले अण्णा राहतात असं खुशाल समजावं. हे कुणा एकाचं नाव नाही. दर गल्लीला एक अण्णा असतोच. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. नोकरी शाळेत, बँकेत, नाहीतर पंचायत समितीत. डॉक्टरांनी नुकतंच 'तेलकट कमी करा' असं बजावलेलं आणि लेक पुण्यात आयटीत. ही लेक दिवाळीला आली, मोबाइलवर 'चायनीज चिकन सॅलड' दाखवून गेली आणि पाडव्यानंतरच्या गाडीनं परत पुण्याला पोचली. पुढचं भोगणं घरच्यांच्या वाट्याला आलं.

या भोगण्याचं मूळ कॅलेंडरात आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार आईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. बुधवारी कचेरी असते. रविवारातून एकादशी, चतुर्थी, पौर्णिमा वजा करायच्या, श्रावण सबंध सोडायचा. त्यातून हे तुळजाभवानीचं गाव. इथं शारदीय नवरात्रावर भागत नाही, पौषात शाकंभरी नवरात्र पुन्हा येतं. एवढी वजाबाकी करून महिन्याला जो एखाद-दुसरा मोकळा रविवार हाती लागतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख. काळीभोर, काटक, जुळी करडं देणारी आणि मटणासाठी नावाजलेली ही जात. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी तिनं आपलं नाव बदललेलं नाही. नवसाच्या कंदुरीला पातेलंभर रस्सा आणि भाकरीची चवड पाहत मोठी झालेली माणसं मोकळ्या रविवारची वाट कशासाठी पाहतात, हे सांगायला नको.

नेमका तोच रविवार अण्णा सॅलडला देतात.

सुरुवात चिकनच्या दुकानापासून होते. "अर्धा किलो. नुसता छातीचा पीस, बिनहाडाचा, कातडं काढून," अण्णा सांगतात. दुकानदार सुरी थांबवून विचारतो, "गावरान का बॉयलर?" "बॉयलर." हे ऐकल्यावर त्याचा चेहरा गंभीर होतो. "कुणाला बरं नाही का घरी?" बॉयलर, तेही बिनहाडाचं, म्हणजे त्याच्या लेखी पेशंटचं जेवण. खरं तर अण्णांचं बरोबर आहे. गावरान कोंबडीला कुकरच्या शिट्ट्या आणि दमदार मसाला लागतो. सॅलडला कोवळं, मंद आचेवर पाण्यात शिजलेलं मांस हवं. पण बरोबर असणं आणि गल्लीला पटणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

सामानाची यादी लेकीनं पाठवलेली असते आणि यादीतली प्रत्येक वस्तू तुळजापुरात येईपर्यंत वेश बदलते. आइसबर्ग लेट्यूसची पत्ताकोबी होते. बदामाच्या कापांचे शेंगदाणे होतात, आणि सोलापूर 45 किलोमीटरवर असताना शेंगदाण्याला नाही म्हणणार कोण? डब्यातल्या मँडरिन संत्र्याच्या फोडी कुठून आणायच्या म्हणून अण्णा दोन दिवस चिंतेत असतात. वास्तविक नागपुरी संत्रं हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं मँडरिनच. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ बसस्थानकाबाहेरच्या गाड्यावर ढिगानं पडलेलं असतं. पण ते डब्यातलं नाही, म्हणून अण्णांना ते अस्सल वाटत नाही.

तिळाच्या तेलाचं प्रकरण जास्त नाजूक. किराणा दुकानात 'तिळाचं तेल द्या' म्हटलं की दुकानदार हात वर करून पूजेच्या सामानातली बाटली काढतो. असल्या कित्येक बाटल्यांवर 'खाण्यासाठी नाही' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि अण्णांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. ते तेल देवघरातल्या दिव्यात जातं. मग अण्णा दुचाकी काढून सोलापूर गाठतात. चिनी पद्धतीचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं. रंगानं काळपट, वासाला खमंग, आणि वाटीला दोन-तीन चमचेच लागतात. त्या चमच्यांसाठी जाऊन-येऊन 90 किलोमीटरचं पेट्रोल जाळल्याचं अण्णांची बायको कुणालाही सांगते, न विचारता.

सोया सॉस मात्र गावात मिळतो आणि तिथं अण्णांच्या वडिलांचा तोल सुटतो. घरच्या रानात सोयाबीन, शेजारच्या रानात सोयाबीन, लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग. 2024-25 च्या हंगामात सरकारचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं म्हणून म्हातारबा वर्षभर धुमसत होते. "आपलं सोयाबीन घ्यायला कुणी राजी नाही, अन् ह्यो त्येचंच काळं पाणी बाटलीतनं इकत आणायलाय!" या वाक्याला अण्णांकडे उत्तर नसतं. सोयाबीन आणि गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवून सॉस होतो, हे ते सांगू पाहतात. तोवर म्हातारबा रानाकडे निघालेले असतात.

बाहेरचं चायनीज नको, घरचंच हवं, या हट्टामागे अण्णांचं एक कात्रण आहे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत रोडामाइन-बी हा रंग वापरायला बंदी घातली. ही बातमी त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. कर्नाटकची हद्द इथून फार लांब नाही, तेव्हा लाल रंगही फार लांब नसणार, असा त्यांचा युक्तिवाद. पोरं मान डोलावतात आणि संध्याकाळी गाड्यावर जाऊन प्लेटभर मंच्युरियन खाऊन येतात.

प्रत्यक्ष कृतीत अण्णा शास्त्रशुद्ध असतात. पाण्यात आलं-लसूण, त्यात चिकन, पाण्याला बुडबुडे येईतोवर मोठी आच, मग मंद. आतल्या भागाचं तापमान 74 अंशांवर जायला हवं, असं त्यांनी वाचलेलं असतं. म्हणून ते घरातलं थर्मामीटर मागतात. ते तापाचं, 42 वर संपणारं. "अवो, कोंबडीला ताप नाही, मेलीय ती," असं म्हणून बायको ते कपाटात ठेवून देते. चिकन गार झालं की हातानं धाग्यासारखं तोडायचं. इथं आई मदतीला बसते आणि निम्मं तोडता तोडता विचारते, "रस्सा कशाचा करायचा?"

मग ड्रेसिंग. तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा साखर, तिळाचं तेल, किसलेलं आलं. वरून मीठ घालायचं नाही, कारण सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. आईला बीपी आहे, अण्णांनाही व्हायच्या बेतात आहे. हे सगळं ते सांगत असताना आईनं मीठ घातलेलं असतं.

ड्रेसिंग ताटात वाढताना ओतायचं असतं, हे अण्णांना पाठ आहे. पण त्याआधी फोटो काढायचा असतो. फोटोत चकाकी यावी म्हणून ते अर्धा तास आधीच ओततात, मिठानं पत्ताकोबीला पाणी सुटतं आणि परातीच्या तळाशी तळं साचतं. फोटो 'आई राजा उदो उदो' नावाच्या भावकीच्या ग्रुपवर जातो. लातूरच्या आत्याचं उत्तर लगोलग येतं: "कुणाला बरं नाही का?"

हे सगळं चीनसाठी चालू असलं तरी चीनचा त्यात सहभाग बेताचाच. चिनी स्वयंपाकात कच्च्या पालेभाजीचं कौतुक कमी. सेचुआन प्रांतात तोडलेल्या गार चिकनवर तिखट-तिळाचा मसाला घालतात, त्याला बांगबांग चिकन म्हणतात, तेवढंच काय ते नातं. अण्णांच्या मोबाइलवरचं सॅलड कॅलिफोर्नियातलं. तिथं सांता मोनिका इथं सिल्व्हिया वू यांनी 1959 मध्ये खाणावळ काढली. सिनेनट कॅरी ग्रँट यांच्या फर्माइशीवरून हे सॅलड यादीवर आलं, असं त्या सांगत. 2022 मध्ये वयाच्या 106 व्या वर्षी त्या वारल्या. आपल्याकडचं चिकन मंच्युरियनही असंच: कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या गिऱ्हाइकाची जीभ पाहून चीन घडवला. अण्णांचं गिऱ्हाईक त्यांच्या घरातच पंगत धरून बसलेलं असतं आणि त्याची जीभ कंदुरीवर तयार झालेली असते.

पंगतीत पहिला घास शांततेत जातो. दुसऱ्या घासाला आई म्हणते, "गार झालंय बाबा, गरम करून आण." अण्णा समजावतात की हे गारच खायचं असतं. "मग भाकरी कशासंगं खायची? कोरड्यास कुटंय?" पोरं संत्र्याच्या फोडी वेचून खातात आणि शेंगदाणे संपवतात. शेजारून ताक मागायला आलेल्या वहिनी परात पाहून हळूच विचारतात, "कुणाला बरं नाही का?"

तेव्हा बायको उठते. एव्हाना ती हा कार्यक्रम तोंडपाठ झाल्यासारखा करते. परातीतलं पाणी ओतून देते, कढईत कांदा लाल करते, लसूण ठेचून टाकते, दोन चमचे काळा मसाला घालते आणि अख्खं सॅलड त्यात उपडं करते. वास पायरीपर्यंत जातो. रानातून परतलेले म्हातारबा पाय धुतल्याबरोबर ताटावर बसतात, दीड भाकरी जास्त खातात आणि त्यात सोया सॉस आहे हे कुणी त्यांना सांगत नाही. अण्णा कढईचाही फोटो काढतात, 'फ्यूजन' असं लिहून लेकीला पाठवतात आणि पुढच्या मोकळ्या रविवारी थाई सूप करायचं जाहीर करतात.

तुळजापुरात तुमचे कुणी अण्णा असतील आणि त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं, तर अवश्य जा. फक्त बाराला बोलावलं असेल तर दीडला पोचा. तोवर कढई चुलीवर चढलेली असते.