व्हीटेक काका

वाघोलीत सोसायटी कुठलीही असो, दोन गाड्यांचा एक मालक तिथे असतोच. पहिली गाडी बायकामुलांना, सासू-सासऱ्यांना आणि डी-मार्टच्या पिशव्यांना नेण्या-आणण्यासाठी. तिच्याबद्दल तो कधी अवाक्षर काढत नाही. दुसरी कव्हरखाली असते, आणि तिच्याबद्दल तो थांबत नाही. आमच्याकडे हा मान व्हीटेक काकांचा. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. ते सेक्रेटरी सोडून कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

त्यांची दुसरी गाडी म्हणजे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती. त्या वर्षांत ज्यांना मिसरूड फुटलं, त्यांना हा आकडा लग्नाच्या तारखेआधी आठवतो. काका तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. चार दारं आणि चार पिशव्या मावतील अशी डिकी असलेली स्पोर्ट्स कार कशी, असं नव्या भाडेकरूनं विचारलंच तर उत्तर तयार असतं : "दारं काय मोजताय, आरपीएम मोजा!" मग भारतीय स्पोर्ट्स कारचा इतिहास सुरू होतो. गोव्यात बनलेली, साठ अश्वशक्तीची सॅन स्टॉर्म. दिलीप छाब्रियांची, २०१२च्या ऑटो एक्स्पोत मांडलेली अवंती. शेवटी आवाज खाली आणून रांजणगाव. "ह्याच रस्त्यानं सरळ जा. २०१५ला अबार्थ पुंटो तिथे बनत होती, १४५ अश्वशक्तीची. आणि आपली माणसं तिथून जाताना फक्त गणपतीला हात जोडायची!"

सध्या मात्र काका इतिहासात नाहीत, एका प्रश्नात आहेत. हेडरला कोटिंग करायचं की नाही?

इंजिनातला जळका वायू बाहेर न्यायला त्या काळच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड येई. स्वस्त, दणकट, पण आतून आखूड आणि अरुंद. चार सिलिंडरांतला वायू त्यात पाठोपाठ घुसतो आणि केसनंद फाट्यावर संध्याकाळी सात वाजता होतं तसं होतं (ही उपमा काकांची). त्याच्या जागी बसवायच्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांबसडक पाइप असतो. पुढे चाराचे दोन होतात, दोनाचा एक. लांबी बरोबर साधली तर एका पाइपातून सुटलेला झोत दुसऱ्यातला वायू ओढून काढतो. फायदा? फार तर पाच-सात अश्वशक्ती, तोही वरच्या आरपीएमला. व्हीटेकचा खरा जोर येतो पाच हजारांच्या आसपास. नगर रोडवर काकांच्या गाडीचा काटा तिथवर कसा पोचेल हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करत नाही. वाघोली म्हणजे मराठा सरदार पिलाजीराव जाधवरावांची समाधी असलेलं गाव. त्यांच्या घोडदळाला इथून पुण्यात पोचायला जो काय वेळ लागत असेल, तो ऐकून आज उबाळेनगरच्या सिग्नलला माणसं रडतील.

हेडर घरात येऊन पडलेला आहे. एका फॅब्रिकेटरकडून आर्गन वेल्डिंगनं करून घेतलेला, एसएस ३०४. तो दिवाणात, रजयांच्या खाली, ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला असतो. स्टेनलेसला गंज चढत नाही हे काकाच सगळ्यांना समजावतात, आणि दर महिन्याला ग्रीसही काकाच लावतात.

साध्या लोखंडाचा घेतला असता तर प्रश्नच नव्हता. साधा पाइप उघडा ठेवला की एका पावसाळ्यात लाल होतो. त्याला कोटिंग लागतंच. पण काकांनी मुद्दाम स्टेनलेस घेतलं, आणि मला वाटतं, प्रश्न शिल्लक राहावा म्हणूनच घेतलं. कारण स्टेनलेस उघडं ठेवलं तरी टिकतं, शिवाय तापलं की रंग धरतं. आधी फिकट सोनेरी, मग जांभळा, मग निळा. पाइपाच्या तोंडाशी जास्त, पुढे कमी. सिटीचा एक्झॉस्ट समोरच, रेडिएटरच्या मागे. बॉनेट उघडलं की रंगांचं प्रदर्शन. काकांनी मोबाइलवर एका हेडरचा फोटो दाखवला तेव्हा काकूंनी शांतपणे विचारलं, "हा रंग साडीत मिळतो का हो?"

उलट बाजूला सिरॅमिक कोटिंग. पाइपावर आतून-बाहेरून फवारून भट्टीत पक्का केलेला थर. पेट्रोल इंजिन जोरात चालवलं की सिलिंडरमधून निघणारा वायू आठशे-नऊशे अंशांचा असतो. तो थर ही आच पाइपातच कोंडून ठेवतो. वायू गरम राहिला तर वेगानं निघतो, आणि बॉनेटखालचे रबरी होज, वायरी, बॅटरी होरपळत नाहीत. पण एकदा कोटिंग केलं की रंग गेले. मग आयुष्यभर काळा नाहीतर चंदेरी पाइप.

ह्या प्रश्नावर सोसायटीत मत नाही असा माणूस उरलेला नाही. बी विंगचे एक साहेब म्हणाले, "सिरॅमिक कोटिंग ना? आमच्या क्रेटाला केलंय. पाण्याचा थेंब ठरत नाही." काकांचा चेहरा असा झाला की वॉचमननं खुर्ची आणली. मग अर्धा तास खुलासा : ते पेंटवरचं, चकाकीचं, हे आगीचं. दुसऱ्यानं शिक्रापूरच्या बाजूचा पावडर कोटिंगवाला सुचवला, स्वस्तात करतो म्हणून. "पावडर कोटिंग गेटला करतात," काका म्हणाले. "दोनशे अंशाला भाजतात ते. हेडरवर लावलं तर पहिल्याच दिवशी धूर, आणि तुम्हीच फायर ब्रिगेडला फोन कराल." तिसऱ्यानं काचतंतूची पट्टी गुंडाळायला सांगितली. तिच्यात पावसाचं पाणी आणि खाणींकडच्या डंपरांची धूळ साठते, खालचा पाइप सडला तरी वरून पत्ता लागत नाही, असं सांगून तोही ठराव फेटाळण्यात आला.

शास्त्रीय बाजूही हाताळून झाली. करोनात गेटवर कपाळाला रोखायची जी थर्मामीटरची बंदूक होती, ती काकांनी कमिटीकडून मागून घेतली. गाडी पार्किंगमध्ये वीस मिनिटं चालू ठेवली, बॉनेट उघडलं आणि नेम धरला. माणसाच्या तापासाठी केलेलं यंत्र ते. पडद्यावर इंग्रजीत 'हाय' एवढंच आलं. लहान मुलं खूश झाली, गाडी बोलते म्हणून. काकांनी वहीत नोंद केली : 'तापमान – हाय.'

ह्या प्रयोगातून एक गोष्ट मात्र खरी निघाली, आणि ती काकांना आवडली नाही. पळणाऱ्या गाडीत वारा आत शिरतो, आच उडून जाते. उभ्या गाडीत ती बॉनेटखालीच साठते. म्हणजे कोटिंगची खरी गरज रेसच्या ट्रॅकइतकीच बकोरी फाट्यावर पहिल्या गिअरमध्ये उभं राहणाऱ्याला. माझ्या मते प्रश्न तिथेच मिटला होता. पण हजारो रुपयांचं कोटिंग वेगासाठी न करता ट्रॅफिकसाठी करायचं, हे स्पोर्ट्स कारवाल्याच्या पचनी पडायला वेळ लागतो.

कायद्याचं काय, हा प्रश्न काकांना कमीपणाचा वाटतो. फाटक्या आवाजाच्या बुलेटवाल्या पोरांना ते 'पुंगळीवाले' म्हणतात आणि जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरतानाचे व्हिडिओ आनंदानं फॉरवर्ड करतात. आपलं वेगळं, आपलं इंजिनिअरिंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला हा फरक दिसतो का, हे आरटीओत री-पासिंगला गेल्यावर कळेल. एक बरं आहे, गाडी जुनी आहे. २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो. हेडर लावायचा तर तोच काढावा लागतो, आणि मग डॅशबोर्डवर दिवा आणि पीयूसीवाल्याची नकारार्थी मान.

मध्यंतरी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं काकांना शोधत आली. त्यांनी स्पर्धेसाठी एकसीटी रेस कार बनवली होती, चाकणला बनणारं केटीएम ३९०चं इंजिन टाकून. काकांनी त्यांना बसवून घेतलं, पोहे मागवले, कोटेड आणि अनकोटेडचा पूर्वपक्ष मांडला, उत्तरपक्ष मांडला. काकूंनी दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा एक पोरगा चुळबुळत म्हणाला, "काका, आम्ही साधा पाइप वाकवला आणि हार्डवेअरवाल्याकडचा हीटप्रूफ काळा स्प्रे मारला. गाडी पळाली पण. आम्ही आलो होतो ते ट्रेलर कुठे भाड्यानं मिळेल विचारायला."

पोरं गेल्यावर काका गॅलरीत गेले ते जेवायलाही आत येईनात. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जाहीर केलं : कोटिंग. विषय संपला. दिवाण उघडला, रजया बाहेर आल्या, काकूंनी त्या लगेच धुवायलाही टाकल्या. कोटिंगवाल्याला फोन लागला. तो भला माणूस, धंद्यातला. त्यानं विचारलं, इंजिनचं काम करायचंय का? कारण नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला ट्यूनिंग जुळेपर्यंत जास्त तापू शकतं आणि नवं कोटिंग जळतं. तेव्हा इंजिन रुळेपर्यंत जुना मॅनिफोल्डच ठेवा, मग हेडर लावा. काका थबकले. इंजिनचं काम! तेवीस-चोवीस वर्षांचं इंजिन, काम तर निघणारच. मग आधी इंजिन की आधी हेडर? त्यानं पुढे विचारलं, आतून-बाहेरून करायचं की नुसतं बाहेरून? आणि रंग कुठला, काळा मॅट की चंदेरी?

काकांनी फोन ठेवला. चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. वही काखोटीला मारून ते लिफ्टची वाटही न बघता जिना चढले आणि माझ्या दाराची बेल वाजली.

"साहेब, पाच मिनिटं आहेत का?"